अतिभार : कामाची मुदत आणि आपली अहिंसा

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत उमापूर येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



ज्या गावात बाराखडी गिरवली, त्या गावाने सुवर्णमहोत्सवासारख्या मंगल प्रसंगी बोलावून घ्यावे, यापरते भाग्य ते कोणते? पन्नास वर्षे एखादी संस्था टिकते ती केवळ निधीवर टिकत नाही. कोणी सतरंज्या घातल्या, कोणी पंगतीत वाढले, कोणी रात्र जागून हिशेब लिहिले, म्हणून ती टिकते. आज मी बोलणार आहे ते अशाच राबणाऱ्या माणसांविषयी आणि त्यांच्याकडून काम करवून घेणाऱ्या आपल्यासारख्यांविषयी. विषय नव्या काळातला वाटेल. अशक्य मुदती घालून दिल्यामुळे माणसे आतून कोळपून जातात, त्याला हल्ली ‘बर्नआउट’ म्हणतात. अशा वेळी त्या चमूच्या प्रमुखाने काय करावे, हा आजचा प्रश्न आहे. मात्र त्याचे उत्तर शोधताना मला नव्या पुस्तकांपेक्षा आपल्या जुन्या व्रतांचाच अधिक उपयोग झाला, हे आरंभीच नमूद करतो.

माझ्या वडिलांचे येथील बाजारपेठेत लहानसे दुकान होते. माल बैलगाडीने येई. एकदा गाडीत दोन पोती जास्त घालून एक फेरी वाचवावी, असे मी सुचविले. वय असेल बारा-तेरा. वडील म्हणाले, “बैल बोलत नाही, म्हणून त्याला वजन कळत नाही असं समजू नकोस.” दुसरी फेरी झाली, तिचे भाडे वेगळे दिले. वडिलांचे ते वाक्य मी विसरून गेलो होतो. ते पुन्हा आठवायला माझ्या आयुष्याची चाळीस वर्षे जावी लागली.

आपण सर्व जण प्रतिक्रमण करतो. पहिल्या अणुव्रताचे अतिचार पाठ असतात, पण पाठ असलेल्या गोष्टीकडे लक्ष जातेच असे नाही. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत : बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. उपासकदशांग सूत्रात भगवान महावीरांनी आनंद श्रावकाला जे अतिचार सांगितले, त्यांतही हेच पाच आहेत. म्हणजे श्वेतांबर असो वा दिगंबर, या बाबतीत आपल्यात मतभेद नाही. यातील चौथ्याचा अर्थ न्याय्य ओझ्याहून अधिक ओझे लादणे, असा आचार्य पूज्यपादांनी सर्वार्थसिद्धीत दिला आहे. पाचवा अतिचार म्हणजे आपल्या आश्रयाला असलेल्यांचे खाणेपिणे अडवून धरणे.

मित्रहो, यातील ‘न्याय्य’ या शब्दावर क्षणभर थांबा. ओझेच घालू नये, असे शास्त्र म्हणत नाही. गृहस्थाचा संसार आहे, व्यापार आहे, त्यात कामही आहे आणि कामाला मुदतही आहे. प्रश्न आहे तो न्याय्य किती याचा. आणि ते ठरविताना ओझे वाहणाऱ्याकडे पाहावे लागते. ओझे घालणाऱ्याची निकड तेथे प्रमाण होऊ शकत नाही. सोळा कारणभावनांत तपाचा उल्लेख आहे, तोही ‘शक्तीनुसार तप’ असाच आहे. जेथे मोक्षमार्गावरचे तपसुद्धा शक्ती पाहून करावयाचे, तेथे दुसऱ्याच्या कचेरीतील वा दुकानातील काम त्याच्या शक्तीबाहेर कसे मागता येईल?

या अतिभाराचे रूप पाहायला आपल्याला दूर जावे लागत नाही. दिवाळीच्या सुमारास आपल्या जिल्ह्यातून लाखो माणसे ऊसतोडीला निघतात. जाण्यापूर्वीचा बाजार ती आपल्याच दुकानांतून करतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, अनेक कोयते मिळून एक टोळी आणि टोळीचा एक मुकादम. उचल आधी घेतलेली असते, म्हणून काम आधीच विकले गेलेले असते. एक दिवस अंग मोडून आले तरी खाडा पडतो आणि खाड्याचे पैसे कापले जातात. कारखान्याला ठरलेल्या वेळेत ऊस हवा असतो. तो दबाव मुकादमावर येतो, मुकादमाकडून कोयत्यावर येतो आणि कोयत्याकडून पुढे ढकलायला कोणी उरत नाही. २०१९ साली राज्य शासनाने नेमलेल्या समितीसमोर जी आकडेवारी आली, ती आपण वर्तमानपत्रांतून वाचली असेल. जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींची गर्भाशये शस्त्रक्रियेने काढलेली आढळली. त्यामागे कारणे अनेक आहेत. परंतु पाळीच्या दिवसांत खाडा नको, ही भीती त्यांतील एक कारण म्हणून पुढे आली. अतिचारांच्या यादीत अतिभाराच्या आधी ‘छेद’ हा शब्द येतो. मी ती आकडेवारी वाचली तेव्हा हे दोन शब्द एकमेकांच्या किती जवळ उभे आहेत, हे प्रथमच जाणवले.

आपण म्हणाल, ही श्रमिकांची गोष्ट झाली. पंख्याखाली, संगणकासमोर बसणाऱ्याचे काय? जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली रोगांच्या वर्गीकरणात बर्नआउटची नोंद केली, ती व्यक्तीचा आजार म्हणून केलेली नाही. कामाच्या ठिकाणच्या, नीट न हाताळलेल्या दीर्घकालीन ताणातून उद्भवणारी अवस्था, अशी त्याची व्याख्या केली. त्याची लक्षणे तीन : शक्ती आटणे, कामाविषयी मन विटणे आणि हातून काम नीट होईनासे होणे. त्याच संघटनेने आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेसह २०२१ साली अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्याला ५५ किंवा त्याहून अधिक तास काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका १७ टक्क्यांनी अधिक असल्याचे त्यात आढळले. २०२४ साली पुण्यात नोकरीला लागून चारच महिने झालेली एक २६ वर्षांची सनदी लेखापाल मुलगी दगावली. कामाच्या भाराने माझी मुलगी गेली, असे तिच्या आईने पत्र लिहिले. कंपनीने ते नाकारले. त्या वादात मी पडत नाही. मी स्वतः त्याच व्यवसायातील आहे. ते पत्र वाचून मी स्वतःलाच विचारले, असे पत्र माझ्या कचेरीतील कोणाच्या घरून येऊ शकले असते का? उत्तर होकारार्थी होते. म्हणूनच आज येथे उभा आहे.

आता माझी आलोचना ऐका. गोष्ट सप्टेंबर २०१८ ची. आदल्या वर्षी १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला होता. नवी विवरणपत्रे, नवे नियम आणि ऐन शेवटच्या दिवशी अडकणारे संकेतस्थळ. त्यातच आयकर लेखापरीक्षणाची ३० सप्टेंबर ही मुदत. तेव्हाच्या औरंगाबाद शहरात माझी कचेरी होती. आम्ही अकरा जण होतो. मी एकाही व्यापाऱ्याला ‘नाही’ म्हटले नाही. “तुमचे काम वेळेत होईल,” हे शब्द मी दिले. ते पाळायचे होते बाकीच्या दहा जणांनी. त्यांना मी विचारले नव्हते.

सकाळी नऊ ते रात्री अकरा, असे जवळजवळ पाच आठवडे चालले. माझा एक ज्येष्ठ सहायक होता, बारा वर्षांचा जुना, ज्याच्या बेरजेवर मी डोळे मिटून सही करीत असे. त्याच्या हातून साध्या चुका होऊ लागल्या. मी त्याला चारचौघांत बोललो. मग तो गप्प झाला. ही खूण मी ओळखायला हवी होती. दिव्यातले तेल संपले की वात जळू लागते. उजेड काही काळ तसाच दिसतो, म्हणून मालकाला काही कळत नाही.

दुसरा होता आर्टिकलशिप करणारा एक विद्यार्थी, वय एकवीस. तो चौविहार पाळणारा होता. संध्याकाळी सूर्यास्तापूर्वी जेवण झाले तर झाले, नाही तर दुसऱ्या दिवशी सकाळी. रोज साडेपाच-सहाला मी त्याच्या टेबलावर “एवढे आजच” म्हणून एक फाईल ठेवीत असे. खिडकीबाहेर अंधार पडे. तो काही बोलत नसे. ते दिवस पर्युषणाचे होते आणि मी स्वतः त्या काळात सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपत होतो. माझा डबा घरून वेळेवर येत असे. अन्नपाननिरोध हा शब्द मी त्याच संध्याकाळी प्रतिक्रमणात उच्चारला असेल. संवत्सरीला मी दोनशेहून अधिक ग्राहकांना मोबाईलवरून क्षमायाचनेचा संदेश पाठविला. त्या मुलाला पाठविला नाही. आठवणच झाली नाही.

आणि यातला विपर्यास पाहा. ती ३० सप्टेंबरची मुदत पुढे १५ ऑक्टोबर झाली आणि नंतर ३१ ऑक्टोबर. २०१७-१८ च्या वस्तू व सेवा कराच्या वार्षिक विवरणपत्राची मुदत तर ३१ डिसेंबर २०१८ पासून सरकत सरकत फेब्रुवारी २०२० पर्यंत गेली. ज्या तारखेसाठी मी माणसे जाळली, ती तारीख शेवटची नव्हतीच. मुदत वाढली, माणसाची शक्ती मात्र वाढवून मिळाली नाही. नोव्हेंबरमध्ये ज्येष्ठ सहायकाने राजीनामा दिला. जाताना तो म्हणाला, “सर, कामाने मी थकलो नाही. रोज रात्री उठताना सकाळपेक्षा जास्त शिल्लक दिसायचं, त्याने थकलो.” माणूस श्रमाने दमतो आणि विश्रांतीने सावरतो. परंतु संपणारच नाही अशी खात्री झालेल्या कामाने तो खचतो, आणि मग नुसत्या विश्रांतीने सावरत नाही.

त्यानंतर आम्ही काही नियम केले. त्यांत विद्वत्ता नाही; कोणत्याही दुकानात, जिनिंगमध्ये, शाळेत वा संस्थेत ते लागू पडतील.

पहिला नियम मोजण्याचा. ऑगस्टच्या आरंभी आम्ही सर्व जण एकत्र बसतो. किती कामे आहेत, प्रत्येकाला किती तास लागतात आणि हातात किती तास आहेत, हे फळ्यावर लिहितो. तास किती लागतील हे तो काम करणारा सांगतो, मी सांगत नाही. पहिल्याच वर्षी फळ्यावर दिसले की आमच्याकडे लागणाऱ्या तासांच्या दोन तृतीयांशच तास आहेत. म्हणजे मागील वर्षीचा उरलेला एक तृतीयांश आम्ही माणसांच्या झोपेतून आणि जेवणातून काढला होता.

दुसरा नियम तारखा वेगळ्या करण्याचा. तारखा तीन प्रकारच्या असतात. एक कायद्याची, एक ग्राहकाच्या इच्छेची आणि एक प्रमुखाच्या भीतीची. पहिली पाळावीच लागते. दुसरीविषयी बोलता येते. तिसरी कोणी मागितलेलीच नसते. आमच्या फळ्यावरच्या निम्म्याहून अधिक तारखा तिसऱ्या प्रकारच्या निघाल्या.

तिसरा नियम ‘नाही’ म्हणण्याचा, आणि तो प्रमुखानेच पाळायचा. ३१ ऑगस्टनंतर आलेले कागद आम्ही सप्टेंबरच्या कामात घेत नाही. हे ग्राहकाला सांगण्याचे काम मी कनिष्ठांवर सोपवीत नाही. वरून येणारा दबाव जसाच्या तसा खाली सोडणे हे मुकादमाचे काम झाले. प्रमुखाने मध्ये उभे राहून त्यातला काही भाग आपल्या अंगावर घ्यावा लागतो. त्यामुळे काही जुने ग्राहक दुसरीकडे गेले आणि पहिल्या वर्षी उत्पन्न घटले. हे आपल्यासारख्या व्यापारी मंडळींपासून लपविण्यात अर्थ नाही. पण चुकांची दुरुस्ती करण्यात जाणारे दिवसही घटले.

चौथा नियम उठण्याचा. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्याने परवानगी न विचारता उठावे. इतरांनी साडेसहाला उठावे. कधी रात्री थांबावे लागलेच, तर त्याची भरपाईची सुटी त्याच महिन्यात घ्यावी, आणि प्रमुखानेही घ्यावी. प्रमुख बसून राहिला तर कोणीही उठत नाही, मग भिंतीवर नियम कितीही लिहिलेले असोत.

पाचवा नियम खचलेल्या माणसाविषयी. त्याला उपदेश करू नये. “सकारात्मक राहा, ध्यान करा,” हे सांगणे सोपे असते. ध्यान श्रेष्ठच आहे, परंतु पाठीवरचे पोते न उतरविता बैलाला नवकार ऐकविण्यात धर्म नाही. आधी ओझे उतरवावे. त्याच्या निम्म्या फाईली काढून घ्याव्यात आणि तो कमी पडला म्हणून नव्हे, तर आपले गणित चुकले म्हणून काढल्या, हे सर्वांसमोर सांगावे. मी ज्याला चारचौघांत बोललो, त्याच्या बाबतीत हे मला जमले नाही.

येथे कोणी विचारील, मुदतीचा धाक नसेल तर मोठी कामे होतील कशी? प्रश्न रास्त आहे. त्यासाठी कोकण रेल्वेकडे पाहू. १९९० साली महामंडळ स्थापन झाले, ई. श्रीधरन त्याचे प्रमुख झाले. रोहा ते मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत ७४१ किलोमीटरचा मार्ग, नव्वदहून अधिक बोगदे, जवळपास दोन हजार लहानमोठे पूल आणि उद्दिष्ट अवघ्या पाच वर्षांचे. ते उद्दिष्ट कठीण होते. परंतु जागेवरच्या अभियंत्यांना निर्णयाचे अधिकार देण्यात आले, वरिष्ठांच्या सहीसाठी त्यांना खोळंबावे लागू नये म्हणून. स्वतः श्रीधरन कामाच्या वेळेत काम संपवून वेळेवर घरी जाण्याविषयी प्रसिद्ध आहेत. तरीही गोव्यातील पेडण्याच्या बोगद्याने सर्व वेळापत्रके मोडली. आत कातळ नव्हता, भिजलेली मऊ माती होती. खणावे आणि ती पुन्हा ढासळावी. त्या दीड किलोमीटरच्या बोगद्याला सुमारे सहा वर्षे लागली आणि संपूर्ण मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी सुरू झाला. मातीला धाक घालता येत नाही, हे अभियंत्यांना मान्य करावे लागले आणि तारीख पुढे गेली. या मार्गासाठी प्राण गमावलेल्या श्रमिकांचे स्मारक रत्नागिरीला आहे. मोठ्या कामाची किंमत कोण चुकवितो, हे ते स्मारक सांगत राहते. मला यातून एवढेच घ्यावयाचे आहे की ध्येय मोठे असण्यात दोष नाही. माती मऊ लागली की तारीख बदलतो, तर माणूस खचला की का बदलू नये? मातीच्या बाबतीत आपण जे वास्तव स्वीकारतो, ते माणसाच्या बाबतीत स्वीकारायला आपल्याला अपमान वाटतो.

आपल्या परंपरेत थांबण्याची सोय पूर्वीपासून आहे. अखंड पायी विहार करणारे साधु-साध्वीसुद्धा चातुर्मासात एका ठिकाणी थांबतात. पावसाळ्यात जीवोत्पत्ती अधिक होते, चालण्याने हिंसा होईल, म्हणून थांबतात. प्रवास कितीही पुण्याचा असला तरी त्यापायी जीव चिरडले जात असतील तर प्रवास थांबवावा, हा त्याचा अर्थ आहे. आपल्या दुकानांना आणि कचेऱ्यांना हा अर्थ लावून पाहण्यास काय हरकत आहे?

आणि आपल्या संस्थांनाही. या सुवर्णमहोत्सवासाठी गेले काही आठवडे तरुण मंडळी रात्री उशिरापर्यंत राबत आहेत. स्मरणिकेच्या संपादकांनी मलाही या व्याख्यानाचे शब्दांकन देण्यासाठी एक तारीख घातली आहे. (हशा) ती मी पाळीन, कारण ती त्यांनी मला विचारून घातली आहे. धर्मकार्य आहे म्हणून स्वयंसेवकाला शक्तीबाहेर राबविले तर तो अतिभार उरत नाही, असे शास्त्रात कोठेही सांगितलेले नाही.

२०१९ च्या संवत्सरीला मी त्या ज्येष्ठ सहायकाच्या घरी गेलो. हात जोडून क्षमा मागितली. त्याने क्षमा केली, चहा पाजला, मुलांची विचारपूस झाली. परत ये, असे मी सुचविले. तो नम्रपणे नाही म्हणाला. क्षमा मिळाली म्हणजे झालेली हानी भरून निघाली, असे नव्हे, हे मी त्या दिवशी शिकलो. चौविहार पाळणारा तो मुलगा पुढे सनदी लेखापाल झाला. त्याची स्वतःची कचेरी आहे आणि तेथे संध्याकाळी सहानंतर दिवे मालवलेले असतात, असे ऐकतो. त्याच्याकडूनही मी क्षमा मागितली आहे.

आपणा सर्वांना एकच विनंती. येत्या पर्युषणात प्रतिक्रमण करताना चौथ्या अतिचाराशी थांबा आणि आपल्या आश्रयाने काम करणाऱ्या माणसांची नावे एकेक करून मनात घ्या. दुकानातील नोकर, हमाल, मुनीम, शेतावरचा सालगडी, घरी येणारी बाई, आणि घरातील सूनही. आणि संवत्सरीला क्षमायाचनेची सुरुवात ग्राहकांपासून न करता त्यांच्यापासून करा. ती मागण्यापूर्वी त्यांच्या पाठीवरचे एक पोते मात्र उतरवा.

 बोलण्यात कोणाचे मन दुखावले असल्यास मनःपूर्वक मिच्छामि दुक्कडम्.

जय जिनेन्द्र!